अँड्रॉइडकडून आयफोनकडे : स्थलांतरापूर्वीची तयारी

(द्वितीय वर्ष, कला)

बिऱ्हाड हलवायचे ठरले की आपल्याकडे आधी सामानाची यादी होते. कोणती भांडी आपली, कोणती शेजारून आणलेली, कोणती वस्तू घरमालकाची, हे पाहिल्याखेरीज कोणी टेम्पो बोलावीत नाही. फोन बदलताना मात्र अशी यादी सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः आजच्या विद्यार्थ्याच्या फोनमध्ये जेवढे सामान असते तेवढे त्याच्या वसतिगृहातील खोलीतही नसते. एका प्रणालीच्या फोनवरून दुसऱ्या प्रणालीच्या फोनवर जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी आणि ती का करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय माझ्यापुढे आला तो गरजेतून. माझा अँड्रॉइड फोन पाच वर्षांचा झाला. त्याची साठवण ३२ जीबीची. ती केव्हाच भरली, आणि सुरक्षेच्या नव्या सुधारणा येणेही बंद झाले. पुण्यास नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाने नवा फोन घेतला आणि आपला वापरलेला आयफोन मला देऊ केला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे माझा फोन हा साऱ्या घराचा फोन आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी त्यावर येतो, वडिलांचा सातबारा त्यात आहे, आईच्या भिशीचा हिशेब त्यात आहे. आणि त्यातच माझ्या आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या आहेत. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी गेल्या उन्हाळ्यात मी त्या मुद्रित करून घेतल्या. दिवाळीनंतर आजी गेली. तेव्हा “सगळे आपोआप येते” एवढ्या आश्वासनावर मला विसंबता येईना, आणि म्हणून हा अभ्यास हाती घेतला.

प्रणाली म्हणजे काय?

फोनचे यंत्र आणि आपण यांच्यामध्ये बसलेला कारभारी म्हणजे प्रणाली. कोणती वस्तू कोठे ठेवायची, कोणाला आत घ्यायचे, हे तो ठरवितो. आयफोन २००७ साली बाजारात आला. त्याची प्रणाली ॲपल आपल्या फोनांपुरतीच ठेवते. अँड्रॉइड ही कंपनी गूगलने २००५ साली विकत घेतली व त्या प्रणालीवरचा पहिला फोन २००८ साली विक्रीस आला. ही प्रणाली अनेक उत्पादकांना वापरता येते, म्हणूनच आपल्याकडील बहुसंख्य फोन तिच्यावर चालतात. दोन्ही कारभाऱ्यांची दप्तर ठेवण्याची रीत वेगळी आहे. एकासाठी लिहिलेले ॲप दुसऱ्याकडे चालत नाही. मोफत ॲप नव्या फोनवर पुन्हा घेता येते. पैसे देऊन घेतलेले ॲप मात्र बहुधा पुन्हा विकत घ्यावे लागते.

सामानाचे तीन वर्ग

अभ्यासाअंती माझ्या असे लक्षात आले की फोनमधील सामानाचे तीन वर्ग पडतात. पहिला, खात्यावर असलेले; दुसरा, फोनच्या पोटात असलेले; आणि तिसरा, नंबराशी व यंत्राशी बांधलेले. प्रत्येकाची तयारी निराळी आहे. कोणती वस्तू कोणत्या वर्गातील हे ओळखणे, हाच या तयारीचा गाभा होय.

पहिला वर्ग सर्वांत सोपा. गूगल खात्यावरील पत्ते, मेल व दिनदर्शिका ह्यांसाठी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये तेच खाते जोडले की काम भागते. परंतु येथे दोन गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे नंबर खरोखरच खात्यावर आहेत का? आपल्या घरांतून जुने नंबर पुष्कळदा सिममध्ये किंवा फोनमध्येच साठविलेले असतात. ते आधी खात्यावर हलवावेत. दुसरी गोष्ट, खात्याचा पासवर्ड आपल्याला ठाऊक आहे का? फोन सदैव उघडाच असल्यामुळे पासवर्ड विचारला जात नाही, आणि विचारला जात नाही म्हणून आठवत नाही. वडिलांच्या फोनवरील खाते तर फोन विकणाऱ्या दुकानदारानेच उघडून दिले होते. पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. तो बदलून घेऊन मी घरच्या वहीत लिहून ठेवला. जुना फोन हाती असतो तोवर हे काम सोपे असते.

छायाचित्रांच्या बाबतीत ‘ती गूगलवर आहेत’ असे आपण समजतो. तसे समजण्यापूर्वी बॅकअप पूर्ण झाला आहे की नाही ते उघडून पाहावे. गूगल खात्यावर १५ जीबी जागा मोफत असते आणि तीत मेल, फाइली व छायाचित्रे ह्या सर्वांची वाटणी असते. १ जून २०२१ पासून चढविलेली छायाचित्रे त्या जागेत मोजली जातात. जागा भरली की बॅकअप मुकाट्याने थांबतो. ॲपलच्या आयक्लाउडवर मोफत जागा ५ जीबीच आहे, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

दुसरा वर्ग, म्हणजे फोनच्या पोटातील वस्तू, हा खरा काळजीचा. ह्यासाठी ॲपलने २०१५ साली ‘मूव्ह टू आयओएस’ नावाचे ॲप काढले. ते जुन्या अँड्रॉइड फोनवर घ्यावयाचे असते. त्याद्वारे नंबर, संदेश, छायाचित्रे, चित्रफिती, दिनदर्शिका इत्यादी आयफोनवर जातात. त्याच्या अटी मात्र नीट समजून घेतल्या पाहिजेत. आयफोन पहिल्यांदा सुरू करताना जी मांडणी चालते तेव्हाच हे स्थलांतर करावयाचे असते. वापरात असलेला आयफोन असेल तर तो पुसून पुन्हा आरंभापासून सुरू करावा लागतो. दोन्ही फोन चार्जरला लावावेत, आणि काम संपेपर्यंत जुन्या फोनवर ते ॲप उघडेच ठेवावे. मध्येच फोन आला किंवा दुसरे ॲप उघडले तर काम अर्धवट राहू शकते.

व्हॉट्सॲपच्या गप्पांचे कोडे ह्याच वर्गातले. अँड्रॉइडवरील त्यांचा बॅकअप गूगलकडे जातो व आयफोनवरील आयक्लाउडकडे. एकाकडचा बॅकअप दुसरा वाचीत नाही. २०२२ पासून मात्र ‘मूव्ह टू आयओएस’मधूनच ह्या गप्पा नेता येतात. त्यासाठी नंबर तोच हवा. आधी आयफोन वापरावयास घेतला आणि गप्पांचा विचार नंतर केला, तर तो पुन्हा पुसण्याची पाळी येते. म्हणजे येथे क्रमाला फार महत्त्व आहे.

गाणी, पीडीएफ आणि ध्वनिमुद्रणे ह्यांची प्रत मात्र आपल्या हाताने निराळी करावी. आजीच्या ओव्यांची २३ मुद्रणे माझ्या फोनच्या पोटात होती. खात्यावर त्यांतले एकही नव्हते. मी ती केबलने ग्रंथालयातील संगणकावर उतरविली, फाइली मोजल्या, पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत केली आणि प्रत्येक मुद्रण संगणकावर अथपासून इतिपर्यंत ऐकले. नुसते फाइलीचे नाव दिसणे पुरेसे नसते. आवाज आला पाहिजे. ऐकता ऐकता नावेही बदलली : गाव, तारीख व ओवीचा विषय. पूर्वी त्या नुसत्या आकड्यांच्या फाइली होत्या. आता त्या अभ्याससाहित्य झाल्या आहेत.

येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ज्या वस्तू सर्वमान्य पद्धतीने साठविलेल्या असतात त्या कोठेही उघडतात. देवनागरीतील माझी टिपणे युनिकोडमध्ये आहेत, म्हणून ‘क’ हा दोन्ही फोनांवर ‘क’च राहतो. एखाद्या ॲपने आपल्याच रीतीने बंद करून ठेवलेल्या वस्तू मात्र त्या ॲपबरोबरच राहतात. तेव्हा टिपणांचे ॲप निवडतानाच त्यातून मजकूर बाहेर काढता येतो का, हे पाहावे.

तिसरा वर्ग नंबराशी आणि यंत्राशी बांधलेल्या गोष्टींचा. यूपीआय हे त्याचे ठळक उदाहरण. २०१६ साली सुरू झालेल्या ह्या पद्धतीत बँकेत नोंदलेला नंबर, त्याचे सिम आणि तो विशिष्ट फोन ह्यांची सांगड घातलेली असते. नव्या फोनवर ॲप घेतले की त्याच सिमवरून पडताळणीचा एसएमएस जावा लागतो. म्हणून रिचार्ज संपलेला नसावा व त्यात एसएमएसची सोय असावी. फोन बदलल्यावर सुरुवातीस व्यवहाराच्या रकमेवर मर्यादाही येते. तेव्हा परीक्षा-शुल्काची अखेरची तारीख आणि फोन बदलण्याचा दिवस एकच नसावा, हे उत्तम. डिजिलॉकरमध्ये मात्र पुन्हा प्रवेश केला की कागदपत्रे मिळतात. आधारशी जोडलेला नंबर चालू असला म्हणजे झाले.

वापरलेला आयफोन घेणाऱ्याने आणखी एक दक्षता घ्यावी. आधीच्या मालकाने तो आपल्या ॲपल खात्यातून काढून टाकलेला असला पाहिजे. नाहीतर पुसल्यावर तो फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो. हे काम मी दादाला समक्षच करावयास लावले. तोच न्याय आपल्या जुन्या फोनला. तो दुसऱ्याला देण्यापूर्वी गूगल खाते काढावे व मग तो पुसावा. ह्याची घाई मात्र करू नये. निदान महिनाभर तो कपाटात तसाच राहू द्यावा.

हक्काचा प्रश्न

एवढी खटपट वाचून कोणी विचारील, आपलेच सामान नेण्यास इतके सायास का? हा प्रश्न योग्यच आहे. मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवण्याची सोय आपल्या देशात जानेवारी २०११ मध्ये सर्वत्र लागू झाली. नियमाने ती दिली, म्हणून ती मिळाली. युरोपात २०१८ साली लागू झालेल्या कायद्याने आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क नागरिकांना दिला. भारतात २०१९ च्या विधेयकात अशी तरतूद होती. २०२३ च्या कायद्यात ती राहिली नाही. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ह्यावर अवश्य विचार करावा. जेथून निघणे कठीण तेथे राहणे हे खऱ्या अर्थाने आपल्या पसंतीचे उरत नाही.

कायदा होईल तेव्हा होवो. यादी मात्र आजच करता येते. मित्रहो, फोन बदलावयाचा नसला तरीही एका रविवारी वही घेऊन बसावे आणि तीन रकाने आखावेत : खात्यावर काय, पोटात काय, नंबराशी बांधलेले काय. मधल्या रकान्यात जे येईल त्याची प्रत त्याच दिवशी करावी. आणि हे काम आपल्यापुरते करून थांबू नये. आईवडिलांच्या फोनचीही यादी करावी, कारण त्यांच्या घरात हे जाणणारे बहुधा आपणच असतो. माझी यादी पूर्ण झाली आहे. ओव्यांची एक प्रत मराठी विभागाकडे दिली आहे. परीक्षा आटोपली की फोन बदलीन.