काऊ म्हणजे कावळा नव्हे!

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. आमच्या वाडीवरच्या लहानग्यांना मी प्राण्यांची इंग्रजी नावे शिकवतो. ‘काऊ’ म्हणताच पोरे आभाळाकडे बोट दाखवतात. चिऊ-काऊ त्यांना पाळण्यापासून ठाऊक! म्हणून हा शब्द गोठ्यात, गाईच्या पाठीवर हात ठेवूनच शिकवावा. तक्त्यावरील काळ्या-पांढऱ्या विलायती गाईला तर वशिंडही नसते.

खरी मौज पुढेच आहे. वासरू आणि रेडकू या दोहोंना इंग्रजीत ‘काफ’ हा एकच शब्द. करडू मात्र ‘किड’ आणि कोकरू ‘लँब’. “मग रेडकाला काय म्हणायचं?” असे विचारणारे पोर मठ्ठ नव्हे. त्याच्याजवळ इंग्रजीहून एक शब्द जास्त आहे, हे शिकवणाऱ्याने आधी ओळखावे. ‘ऑक्स’चे अनेकवचन ‘ऑक्सन’ आणि ‘शीप’चे ‘शीप’च, ते मात्र घोकण्यावाचून गत्यंतर नाही.