सरोवरावरील नौकानयन आणि होडीचा तोल

समुद्राला लोक भितात. सरोवराला भीत नाहीत. चहूबाजूंना काठ दिसत असल्यामुळे येथे धोका तो कसला, असे वाटते. वस्तुतः गोडे पाणी माणसाला समुद्राच्या पाण्यापेक्षा कमीच उचलून धरते. एक घनमीटर गोडे पाणी सुमारे १,००० किलोग्रॅम भरते, तर समुद्राचे सुमारे १,०२५. फरक अल्प खरा. परंतु मनुष्यदेह मुळातच जेमतेम तरंगणारा असल्याने, दमलेल्या माणसाच्या बाबतीत तो नगण्य मानता येत नाही.

होडी एका अंगास कलली म्हणजे त्या अंगाचा अधिक भाग पाण्यात जातो, पाण्याचा वरच्या दिशेचा रेटा त्या बाजूस सरकतो आणि होडीला पुन्हा सरळ करतो. मात्र त्यासाठी होडीचा गुरुत्वमध्य पुरेसा खाली असावा लागतो. माणसे उभी राहिली किंवा वरच्या मजल्यावर जमली की तो वर चढतो. त्यातच ती सर्व एकाच बाजूस गेली, तर होडीला सावरणारा रेटा अपुरा पडतो. केरळातील थेक्कडी येथे, मुल्लपेरियार धरणाच्या जलाशयात, ३० सप्टेंबर २००९ रोजी एक दुमजली बोट उलटून ४५ जण मृत्युमुखी पडले. काठावरील वन्य प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूस लोटले होते. असा अनर्थ घडण्यास वादळच व्हावे लागते असे नाही.

शिडाच्या होडीत होडी कलविण्याचे काम वारा करतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरील दाब सुमारे चौपट होतो, हे नवशिक्याच्या लक्षात येत नाही. डोंगरांनी वेढलेल्या जलाशयावर तर वारा एकसारखा वाहत नसून झोतांनी येतो. पाण्यावरून सरकत येणारा काळसर, बारीक लहरींचा पट्टा हीच त्याची आगाऊ सूचना होय. झोत येताच शिडाचा दोर सैल सोडावा किंवा होडीचे तोंड वाऱ्याकडे वळवावे. म्हणूनच हा दोर गाठ मारून न बांधता हाती धरण्याची पद्धत आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग गडगडू लागले की मात्र काठ गाठावा. उघड्या पाण्यावर उंच डोलकाठीखाली बसणे म्हणजे विजेला आमंत्रणच.

जीवरक्षक जाकीट निघण्यापूर्वीच अंगात घालून त्याचे बंद आवळावेत. पाण्यात पडल्यावर ते जमत नाही. होडी उलटलीच, तर प्रथम माणसे मोजावीत आणि सर्वांनी होडीलाच धरून राहावे. लहान होड्या बहुधा उलट्या स्थितीतही तरंगतात, आणि दुरून त्या एकट्या डोक्यापेक्षा लवकर नजरेस पडतात. पाण्याच्या पातळीवरून काठ वाटतो त्याहून पुष्कळ दूर असतो. पट्टीचे पोहणारेही या अंदाजात फसतात. किती जण निघाले व केव्हा परतणार, हे काठावरील कोणाला तरी सांगून गेलेले असले, तर शोध वेळेवर सुरू होतो.