‘डायल्यूट’ या क्रियापदाचा मराठी पर्याय

इंग्रजीतील ‘डायल्यूट’ हे क्रियापद ‘धुऊन टाकणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आले आहे. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ नेमका आहे : द्रावणातील मूळ पदार्थ काढून न घेता द्रावक वाढवून त्याची संहती कमी करणे. मराठी परिभाषेने अशा द्रावणास ‘विरल’ म्हटले आहे. भर घातल्याने येणारे दौर्बल्य हाच या क्रियापदाचा गाभा होय. भाषांतरात बहुधा तोच निसटतो.

याचे उद्‌बोधक उदाहरण दिल्लीत घडले. महाराष्ट्रातून आलेल्या एका अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने 20 मार्च 2018 रोजी 1989 च्या अत्याचार प्रतिबंध अधिनियमासंबंधी निर्देश दिले. गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची मुभा आणि अटकेपूर्वी वरिष्ठांची मंजुरी हे त्यांतील प्रमुख होत. अटकपूर्व जामिनावरील बंदी निरपवाद नाही, असाही अर्थ न्यायालयाने लावला. अधिनियमातील एकही अक्षर पुसले गेले नव्हते. अटींची भर मात्र पडली होती. म्हणूनच इंग्रजी चर्चेत ‘डायल्यूट’ हे क्रियापद यथार्थ ठरले.

मराठीत त्यासाठी ‘सौम्य करणे’, ‘शिथिल करणे’ आणि ‘बोथट करणे’ असे पर्याय संभवतात. परंतु ‘सौम्य’ हा गुणवाचक शब्द आहे. त्याने दौर्बल्यास सद्‌गुणाचे रूप येते. ‘शिथिल’ शब्दात जाचक निर्बंधातून सुटकेची सूचना आहे. ‘बोथट’ म्हणताच कायदा शस्त्र ठरतो आणि त्याच्या दुरुपयोगाचा आक्षेप नकळत मान्य केल्यासारखे होते. वस्तुतः पीडितांच्या दृष्टीने तो शस्त्र नसून कवच आहे. तिन्ही प्रयोगांत दौर्बल्य कोणाच्या वाट्यास आले, हे अनुक्तच राहते.

‘पातळ करणे’ या क्रियापदात भर घालण्याची छटा आहे. पण आमटीचे आणि ताकाचे ते क्रियापद गंभीर गद्यास पेलत नाही. अशा वेळी एका शब्दाचा हट्ट सोडून ‘नव्या अटी घालून संरक्षण क्षीण करणे’ अशी रचना स्वीकारणे श्रेयस्कर. त्यात साधन आणि कर्म दोन्ही व्यक्त होतात.

ऑगस्ट 2018 मध्ये संसदेने कलम 18क समाविष्ट करून चौकशी व मंजुरी या अटी अनावश्यक ठरविल्या. 1 ऑक्टोबर 2019 रोजी न्यायालयानेही ते निर्देश मागे घेतले. जे मिसळले होते, तेच वेगळे काढले गेले. या घटनाक्रमाचे मर्म ‘सौम्य’ या शब्दाने मराठी वाचकास कळणार नाही.