उंचीमापक खोटे सांगतो तेव्हा

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली आहेत आणि शेजारच्या मित्राच्या घड्याळातही तेवढेच वाजले आहेत. मग वेळ बरोबरच असली पाहिजे, असे तुम्ही म्हणाल. पण दोघांनीही शाळेच्या घड्याळावरूनच आपापली घड्याळे लावली असतील आणि तेच मागे असेल, तर?

२ ऑक्टोबर १९९६ रोजी, मध्यरात्रीनंतर, पेरू देशातील लिमा शहरातून एरोपेरू कंपनीचे बोइंग ७५७ विमान चिलीतील सँटियागोकडे निघाले. उड्डाण होताच उंचीमापक व वेगमापक विसंगत आकडे दाखवू लागले. पाठोपाठ इशारे सुरू झाले. वेग मर्यादेबाहेर गेला, असा एक इशारा. वेग घटून विमान पडण्याच्या बेतात आहे, असा दुसरा! वैमानिकांनी विश्वास ठेवावा कशावर?

या घोटाळ्याचे मूळ अगदी साधे होते. विमानाच्या अंगावर काही बारीक छिद्रे असतात. त्यांतून बाहेरील हवेचा दाब उपकरणांपर्यंत पोहोचतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०१३ मिलिबार, तर ३,००० मीटर उंचीवर सुमारे ७०० मिलिबार असतो. त्यावरून उंची कळते. वेगासाठी पुढे तोंड असलेली पिटो नळी असते. नळीतील दाबातून छिद्रांतील दाब वजा केला, की वेगामुळे आलेला दाब उरतो. म्हणजे उंची व वेग ही दोन्ही उत्तरे छिद्रांवर अवलंबून असतात.

विमान धुताना डाव्या बाजूची छिद्रे चिकटपट्टीने झाकली होती. ती पट्टी काढायची राहून गेली. आता समजा, उंचीवरचा कमी दाब आत अडकला आणि विमान खाली येऊ लागले. उंचीमापक जुनीच उंची दाखवील. नळीतील दाब मात्र वाढत जाईल. वजाबाकी मोठी येईल आणि वेग आहे त्याहून जास्त दिसेल.

वैमानिकांनी जमिनीवरील नियंत्रकाला उंची विचारली. त्याच्या पडद्यावर ९,७०० फूट दिसत होते. पण तो आकडा विमानातील उपकरणांनीच रेडिओवरून धाडलेला होता! शाळेचे घड्याळ ते हेच.

एक साक्षीदार मात्र स्वतंत्र होता. रेडिओ उंचीमापक खाली लहरी सोडतो आणि त्या परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून उंची काढतो. त्याला छिद्रांची गरज नसते. त्याच्या आधारे चालणारा, पृष्ठभाग जवळ आल्याचा इशारा वाजत होता. पण इतक्या गोंधळात खरा इशारा ओळखावा कसा? खाली काळोखा समुद्र. एक दिवाही दिसत नव्हता. विमानाचा पंख पाण्याला लागला, थोड्याच वेळात ते कोसळले आणि सर्व ७० जण मृत्युमुखी पडले.

अशा प्रसंगी वैमानिकांनी प्रथम विमानाच्या नाकाचा कोन व इंजिनांचा जोर ठरावीक ठेवावा, असे शिकवितात. या दोहोंवरून वेगाचा अंदाज बांधता येतो. मग कोणते उपकरण कशावर चालते, याचा विचार करावयाचा. प्रयोगशाळेत दोन वाचने जुळली, की तुम्हीही हाच प्रश्न विचारा : ही दोन्ही एकाच ठिकाणाहून तर आली नाहीत ना?

जाता जाता एक प्रश्न : छिद्रे बंद असताना विमान वर चढू लागले, तर वेगमापक वेग जास्त दाखवील की कमी? वजाबाकी करून पाहा.