कान्हेरीचा मुक्काम

रानात चार दिवस मुक्काम करावयाचा म्हटले, की जाणता माणूस प्रथम पाणी शोधतो. त्यानंतर वाऱ्यापावसाचा आडोसा, निजावयास कोरडी जागा आणि शिधा मिळेल असे जवळपासचे एखादे गाव. बोरिवलीच्या पूर्वेस आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील एका काळ्या डोंगरावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी काही बौद्ध भिक्षू वस्तीस आले, त्यांनाही याच गोष्टी पाहाव्या लागल्या. त्या डोंगराचे नाव कृष्णगिरी. त्याचे प्राकृत रूप कण्हगिरी, आणि त्यावरून झाले कान्हेरी.

भिक्षूने एका जागी घर करून राहू नये, गावोगाव फिरत असावे, असा त्यांचा आचार होता. पावसाळ्याचे तीन महिने मात्र त्याने एकाच ठिकाणी राहावयाचे. चिखलातून चालताना कोवळी रोपे व लहान जीव पायाखाली चिरडले जाऊ नयेत, हा त्यातील हेतू. या मुक्कामास वर्षावास म्हणतात. कोकणातील आषाढ ज्याने पाहिला आहे, त्यास या नियमाची आणखी कारणे सांगावयास नकोत! पुढे येथे कायमची वस्ती झाली आणि हजार वर्षांच्या काळात या डोंगरात शंभराहून अधिक लेणी खोदली गेली.

जागा मोठ्या विचाराने निवडलेली होती. उत्तरेस खाडीपलीकडे शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे, हे प्राचीन बंदर होते. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा तेथे 1882 साली सापडला. पूर्वेकडे कल्याणची पेठ होती. या दोन्ही नगरांची नावे दूरच्या ग्रीक नाविकांनाही ठाऊक होती. व्यापाऱ्यांना दर्शनास येता यावे इतकी ही नगरे जवळ, आणि बाजाराचा गलबला कानी पडू नये इतकी दूर.

भिक्षूचे बिऱ्हाड लहान असे. कातळात कोरलेली एक खोली, तीत निजावयास दगडी ओटा, पुढे ओसरी, ओसरीपुढे अंगण आणि अंगणाच्या कडेस पाण्याचे टाके. हे टाके नीट पाहण्यासारखे आहे. पाऊस पडू लागला म्हणजे डोंगराच्या माथ्यावरून पाणी वाहू लागते. ते वाया जाऊ नये म्हणून खडकात पन्हळी कोरल्या आहेत. त्यांतून ते पाणी टाक्यात उतरते. टाक्याचे तोंड लहान आणि पोट मोठे; त्यामुळे ऊन आत फारसे शिरत नाही आणि पाणी लवकर आटत नाही. चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवावयाचा, तर एवढी काळजी घेणे भागच होते. याच डोंगररांगेत पावसाचे पाणी अडवून 1860 साली विहार व 1879 साली तुळशी हे तलाव मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधण्यात आले. भिक्षूंनी जे छिन्नीने केले, तेच येथे फार मोठ्या प्रमाणावर झाले.

या साऱ्याचा खर्च कोणी केला, हे लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरून ठेवले आहे. सोपारे, कल्याण, चौल, नाशिक, पैठण अशा ठिकाणच्या लोकांनी दाने दिली. त्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहारही आहेत; स्त्रियांची नावेही थोडी नाहीत. कोणी खोली दिली, तर कोणी केवळ टाके. टाक्यास या लेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. काही जणांनी रक्कम किंवा शेत देऊन ठेवले. मूळ ठेवीस हात लावावयाचा नाही, तिच्या उत्पन्नातून मात्र वर्षावासास राहिलेल्या भिक्षूस वस्त्र द्यावयाचे. अशा ठेवीस ‘अक्षयनीवी’ म्हणत. एका लेखात मागाठाण्याच्या शेताचे दान आहे. तेच हे बोरिवलीचे मागाठाणे, जेथे आज मेट्रोचे स्थानक उभे आहे!

येथील तिसऱ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे मोठे चैत्यगृह. यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळात त्याचे काम झाले. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंस बुद्धाच्या उंच, उभ्या मूर्ती आहेत. त्या मागाहून कोरल्या गेल्या. येणारे लोक या मूर्तींपाशी बराच वेळ थांबतात आणि टाक्यांकडे न पाहताच परततात, ही खेदाची गोष्ट होय.

अकराव्या शतकाच्या आरंभी ही वस्ती ओसरू लागली होती. त्याच सुमारास काही पारशी प्रवासी डोंगर चढून आले. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात त्यांनी पहलवी लिपीत आपली व आपल्या वडिलांची नावे कोरली आणि आल्याचा दिवसही नोंदविला. इसवी सन 1009 व 1021 या वर्षांचे ते लेख आजही तेथे आहेत. आज कोणी तेथे नाव कोरू लागला, तर पहारेकरी त्यास धरील, आणि ते योग्यच आहे. त्या जुन्या पाहुण्यांच्या अक्षरांपुढे मात्र लिपीचे अभ्यासक तासन् तास बसतात.