खोडी अंगाशी येते तेव्हा : नटकिन खारीची गोष्ट



खोडकर पात्राची गोष्ट म्हटली की वर्ग कसा कान टवकारून बसतो, हे आपण सगळेच जाणतो. आज अशाच एका चित्रपुस्तकाविषयी. इंग्लंडच्या बिअट्रिक्स पॉटर यांनी १९०३ साली नटकिन नावाच्या खारीची गोष्ट प्रसिद्ध केली. चित्रंही त्यांचीच. मी ती तिसरीच्या मुलांना चित्रं दाखवत मराठीतून सांगते.

गोष्ट थोडक्यात

तळ्याकाठच्या खारी काड्यांचे तराफे करून, शेपटीचं शीड उभारून बेटावर जातात. बेटाचा मालक ओल्ड ब्राऊन नावाचं घुबड. त्याच्यासाठी रोज भेट न्यायची, अदबीने विचारायचं, मगच फळं गोळा करायची. सहा दिवसांच्या सहा भेटी : उंदीर, चिचुंद्रीसारखा मोल, मासे, किडे, मध आणि अंडं. नटकिन मात्र कामाला हात लावत नाही. घुबडासमोर नाचतो, कोडी घालतो, गुदगुल्या करतो. घुबड गप्प. शेवटी नटकिन थेट त्याच्या डोक्यावर उडी मारतो, आणि क्षणात घुबडाच्या खिशात! सुटण्यासाठी तो इतका जोर लावतो की शेपूटच तुटते.

वर्गात काय झालं

उडीच्या चित्राशी मी थांबते आणि विचारते, "आता काय होईल?" पोरं खिदळत उत्तरं देतात. पहिल्या वर्षी मी शेवट सांगून लगेच फळ्यावर तात्पर्य लिहिलं : खोडी करू नये. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "बाई, पण बाकीच्या खारींनी त्याला आवरलं का नाही?"

मी गप्पच झाले. त्याच आठवड्यात वर्गात एकाची चप्पल लपवली गेली होती. लपवणारा एकच, हसणारे मात्र वीस. मी शिक्षा एकालाच केली होती. तात्पर्य पुसलं आणि मुलांनाच बोलू दिलं. चप्पल लपवणारा मुलगा हळूच म्हणाला, "सगळे हसले म्हणून मी अजून लांब नेली."

खरं सांगू? माझ्या लांबलचक भाषणाने हे कधीच बाहेर आलं नसतं.

तुम्हीही करून पाहा

१. सहा दिवसांच्या भेटींची चित्रं काढून घ्या आणि क्रमाने लावायला सांगा. घटनाक्रम आपोआप पक्का होतो.

२. आपली घरातली कोडी मुलांकडून गोळा करा. कोडं घालणं वाईट नाही; समोरचा वैतागला तरी न थांबणं वाईट, हा फरक त्यातून कळतो.

३. "तू नटकिनचा भाऊ असतास तर तिसऱ्या दिवशी काय केलं असतंस?" या प्रश्नावर दोन-दोन मुलांना नाट्यीकरण करू द्या.

४. आपल्या राज्यप्राण्याचं, शेकरूचं चित्र दाखवा. शेपूट खारीला कशासाठी लागते, हे बोला. तोल सांभाळायला शेपूट लागते हे कळलं, की नटकिनचं नुकसान मुलांना खरं वाटतं.

पालकांना एकच विनंती. गोष्ट संपल्यावर "बघ, तू पण असाच!" असं म्हणू नका. मुलाला पोट धरून हसू द्या. आपली शेपूट कुठे अडकली होती, ते तो रात्री झोपताना स्वतःच सांगेल.