ट्रीसेट वापरला आणि गुळाचा लॉट गायब!

व्हिडिओत ट्रीसेटचं कोड लिहून दाखवलं, पण एक मुद्दा घाईत राहून गेला, तो इथं नीट बघूया.

शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसवली. म्हणून उदाहरण गुळाचंच घेऊ. समजा सौद्यात तीन लॉट आले: १२ नंबरचा ४,२०० रुपये, १५ नंबरचा ३,९५० आणि १७ नंबरचा परत ४,२०० रुपये क्विंटल. भावानुसार क्रम हवा, म्हणून आपण ट्रीसेट घेतला आणि कंपॅरेटरमध्ये फक्त भाव तपासला. आता साइझ छापून बघा. दोन येतात! १७ नंबरचा लॉट गेला. एरर नाही, वॉर्निंग नाही. शेतकऱ्याच्या पट्टीवर हे घडलं तर काय होईल, सांगायला नको.

असं का होतं? हॅशसेट इक्वल्स आणि हॅशकोड बघतो. ट्रीसेट तसं करत नाही. कंपॅरेटरनं शून्य दिलं की त्याच्या लेखी दोन्ही वस्तू एकच, आणि दुसरी आत जातच नाही. ॲड मेथड फॉल्स देते, पण ते उत्तर आपण कुठं बघतो? मीसुद्धा सुरुवातीला ही चूक केलीय, आणि दोष जावाला दिलाय.

उपाय सोपा. आधी भाव, भाव सारखा निघाला तर लॉट नंबर. जावा ८ पासून देनकंपेअरिंगनं हे एका ओळीत होतं. मग ४,००० किंवा त्यावरचा पहिला लॉट हवा असेल तर भाव ४,००० आणि नंबर शून्य असा खोटा लॉट बनवून सीलिंगला द्यायचा.

अजून एक. सेटमध्ये असलेल्या लॉटचा भाव तिथल्या तिथं बदलू नका. झाड जुन्या जागेवरच राहतं आणि कंटेन्स चुकीचं उत्तर देऊ लागतं. आधी काढा, बदला, परत घाला.

आणि क्रम फक्त संध्याकाळच्या रिपोर्टला लागणार असेल तर ट्रीसेट कशाला? अरेलिस्ट घ्या, शेवटी एकदा सॉर्ट करा. नोंदी दिवसभर येत-जात असतील आणि मधेच कमाल-किमान भाव विचारला जात असेल, तर ट्रीसेट कामाचा. दहा लाख नोंदींतही एक शोधायला वीस-पंचवीस तुलना पुरतात. अनेक थ्रेड एकदम लिहिणार असतील तर कॉन्करंटस्किपलिस्टसेट, पण कंपॅरेटरचा नियम तिथंही हाच.

कोड चालवून तिन्ही लॉट दिसतात का ते कमेंटमध्ये कळवा.